बघितलीत का हो कुठं?

दिवाळी पाडव्याची सकाळ. आठ वाजायला आले होते. पुण्यातल्या सहकारनगरमध्ये एका सोसायटीच्या गेटसमोर मी उभी होते. हातात झेरॉक्सचा गठ्ठा, खांद्यावरच्या पिशवीत चिकटपट्टी आणि कात्री. आदल्या संध्याकाळपासून पोटात चहाशिवाय काही गेलं नव्हतं. गेटातून साठीपुढचे एक गृहस्थ बाहेर आले. नवा कुर्ता, कपाळावर ओवाळल्याचं ताजं कुंकू. मी पुढं होऊन म्हटलं, "काका, एक मिनिट. आमची कुत्री हरवलीय. तांबूस रंगाची आहे, डाव्या कानाला खाच आहे. बघितलीत का हो कुठं?"

त्यांनी कागद हातातसुद्धा घेतला नाही.

"सणाच्या दिवशी सकाळी सकाळी हेच ऐकायचं राहिलं होतं," ते म्हणाले. "एक गेलं तर दुसरं उचला. रस्त्यावर काय कमी पडलीत? आणि हे कागद आमच्या भिंतीला लावायचे नाहीत. गेली ते बरंच झालं. तेवढीच घाण कमी."

मी काही बोलले नाही. बोलायला गेले असते तर रडू फुटलं असतं आणि त्यांच्यासमोर मला रडायचं नव्हतं. त्यांच्यामागं केबिनच्या दारात वॉचमन उभा होता. त्यानं एकदा माझ्या हातातल्या फोटोकडं पाहिलं, एकदा त्या गृहस्थांकडं पाहिलं आणि नजर खाली घातली. त्या खाली गेलेल्या नजरेचा अर्थ मला त्याच रात्री साडेअकराला कळला.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. या वर्षात मी कुत्री हरवलेल्या बऱ्याच घरांशी बोलले. त्यांना शोधायला मदत करणाऱ्यांशी बोलले, आणि कुत्र्यांचा मनापासून राग करणाऱ्यांशीही बोलले. पाडव्याच्या त्या एका मिनिटानं मला जे शिकवलं, ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ

तिचं नाव सुंठी. रंग सुंठेसारखा म्हणून. ती मूळची आमच्या गल्लीतली. नसबंदीसाठी तिला गाडीतून नेलं, शस्त्रक्रिया करून, लस टोचून परत त्याच गल्लीत आणून सोडलं. कानाची त्रिकोणी खाच ही त्याचीच खूण. ती लांबून दिसते, त्यामुळं एकदा शस्त्रक्रिया झालेलं जनावर पुन्हा पकडलं जात नाही. पुढं एका पावसाळ्यात ती आमच्या जिन्याखाली येऊन बसायला लागली, आणि पाऊस संपेपर्यंत घरातली झाली.

२१ ऑक्टोबर २०२५, लक्ष्मीपूजन. उंबऱ्याशी पणत्या लावायच्या म्हणून दार उघडं होतं. गल्लीत कुणीतरी मोठी लड लावली. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक. आपल्याला जो दणका वाटतो, तो त्यांना काय वाटत असेल याची कल्पनाच केलेली बरी. फटाका फुटतो त्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा अधिक आवाज करणारे फटाके बनवायला आणि विकायला नियमानं मनाई आहे, रात्री १० ते सकाळी ६ फटाके वाजवायचे नाहीत असं सर्वोच्च न्यायालयानं २००५ सालीच सांगितलं आहे. पण ती लड नियमाच्या वेळेतलीच होती. सुंठीनं मान खाली घालून पट्ट्यातून डोकं काढलं आणि ती जिन्यावरून सुटली. मी खाली पोचले तेव्हा गल्लीत धूर होता आणि माझ्या हातात रिकामा पट्टा. तिच्या नावाचा आणि आमच्या फोन नंबरचा बिल्ला त्या पट्ट्यालाच होता.

हरवलेल्या कुत्र्याची पहिली अडचण इथंच सुरू होते. मूल हरवलं तर ते रडतं, नाव सांगतं, निदान आईला हाक मारतं. कुत्र्याला पत्ता सांगता येत नाही. पट्टा निघाला की ते गल्लीतल्या इतर कुत्र्यांसारखंच दिसतं. मानेजवळ कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवता येते. तिच्यात १५ आकडी क्रमांक असतो. पण चिप स्वतःहून ठावठिकाणा कळवत नाही. कुणीतरी ते कुत्रं पकडून नेऊन यंत्र फिरवावं, तेव्हा तो क्रमांक वाचता येतो. म्हणजे तिथंही मधे एक अनोळखी, भला माणूस लागतोच.

पहाटेची माणसं

त्या रात्री मी आणि माझा मुलगा दोन वाजेपर्यंत हाका मारत फिरलो. नंतर कळलं की तीच चूक होती. हरवलेली कुत्री शोधायला मदत करणारी एक तरुणी मला फोनवर म्हणाली, "ताई, घाबरलेलं कुत्रं मालकाच्या हाकेलाही येत नाही. त्याला आत्ता सगळे आवाज सारखेच. ते दिवसा कुठंतरी दडून बसतं आणि सगळं शांत झालं की बाहेर पडतं. तुम्ही कुत्र्याला शोधू नका. त्याला कुणी बघितलंय, ते माणूस शोधा."

पुढच्या तीन दिवसांत या वाक्यावरच आम्ही चाललो. पोस्टर करायचं तर फोटो मोठा, अक्षरं मोठी आणि फोन नंबर एकच. चालत्या दुचाकीवरून वाचता आलं पाहिजे. बक्षिसाचा आकडा लिहायचा नाही. आकडा लिहिला की "कुत्रं आमच्याकडं आहे, रिक्षाचे दोन हजार आधी पाठवा" असे फोन सुरू होतात. आम्ही आकडा लिहिला नव्हता, तरी असा एक फोन आलाच. पलीकडच्या माणसाला डावा कान कसा आहे ते विचारलं, तेव्हा त्यानं फोन ठेवला.

आणि विचारायचं कुणाला? दिवसा दारं लावून बसणाऱ्यांना नाही. पहाटे चार ते सात हा शहराचा पहारा ज्यांच्याकडं असतो त्यांना. दुधाच्या पिशव्या टाकणारे, पेपरवाली मुलं, रस्ता झाडणाऱ्या ताई, कचरा वेचणाऱ्या मावश्या, रात्रपाळीचे वॉचमन, पहाटेच्या गाडीची सवारी धरणारे रिक्षावाले. आपल्या गल्लीत कोणतं कुत्रं कुठल्या पायरीवर झोपतं आणि कोणतं परकं आलंय, हे त्यांना पाठ असतं. झाडणाऱ्या एका ताईनं फोटो पाहून लगेच सांगितलं, "ही आमच्या लायनीतली न्हाई. असती तर माझ्या झाडूमागं आली असती." शोध असा चालतो. एकाला ठाऊक असलेलं दुसऱ्यापर्यंत पोचतं, दुसऱ्याचं तिसऱ्यापर्यंत. शोधणाऱ्याच्या हातात विचारण्यापलीकडं काहीच नसतं.

साडेअकराचा फोन

पाडव्याचा उरलेला सगळा दिवस आम्ही तळजाईच्या टेकडीवर काढला. झाडी आहे, मोर आहेत, दडायला जागा आहे, म्हणून ती तिकडंच गेली असणार असा आमचा अंदाज. सकाळचं ते वाक्य माझ्याबरोबर टेकडी चढत होतं. "तेवढीच घाण कमी." मी झाडीत वाकून बघायची आणि ते वाक्य ऐकू यायचं. दुपारनंतर माझ्या लक्षात आलं की समोर माणूस आला की मी विचारायचं टाळतेय. आधी त्याचा चेहरा बघतेय. चांगला वाटला तरच तोंड उघडतेय. एका उर्मट उत्तरानं माझी किती माणसं विचारायची राहिली, याचा हिशोब मला आजही लागत नाही.

रात्री साडेअकराला फोन वाजला. माणूस दबक्या आवाजात बोलत होता.

"मॅडम, मी सकाळच्या सोसायटीचा वॉचमन. समोरच्या लाइटच्या खांबावरनं नंबर घेतला तुमचा. सकाळी साहेब होते, म्हणून बोललो न्हाई. तुमचं कुत्रं मी बघितलंय. पहाटं तीन-चाळीसला. गेटासमोरून ओढ्याकडं गेलं. गळ्यात पट्टा नव्हता. रजिस्टरला लिवून ठेवलंय मी."

रात्रपाळीत जागे होतो हे दाखवण्यासाठी दिसेल ते वेळेसकट लिहून ठेवायचं, असा त्यांच्या एजन्सीचा नियम होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ती ओळ दाखवली. गाड्यांच्या नंबरांच्या मधे निळ्या पेनानं लिहिलं होतं : "३.४० तांबडं कुत्रं, कान कापलेला, घाबरलेलं, ओढ्याकडे."

सकाळी आठ वाजता मी जे विचारत होते, त्याचं उत्तर माझ्यापासून चार पावलांवर, लिहिलेल्या स्वरूपात, त्या केबिनमधल्या टेबलावर होतं. ते माझ्यापर्यंत पोचायला साडेपंधरा तास लागले. त्या वेळात आम्ही नेमक्या उलट दिशेच्या टेकडीवर फिरत होतो.

वॉचमनना मी दोष देत नाही. उदगीरकडून आलेला माणूस, बारा तासांची ड्युटी, साहेबाच्या तोंडावर साहेबाविरुद्ध बोलला तर उद्या काम राहील की नाही याची खात्री नाही. उर्मटपणाबद्दल आपण बोलतो तेव्हा ज्याला बोललं गेलं त्याच्या दुखावण्याबद्दल बोलतो. पण शेजारी उभ्या असलेल्याचं काय होतं ते आपण पाहत नाही. मोठ्या आवाजाचा माणूस एकालाच बोलतो, तोंड मात्र आसपासच्या सगळ्यांचं बंद होतं. आणि बहुतेक वेळा ज्याला ठाऊक असतं तोच त्या आसपासच्यांत असतो.

सरमेचा प्रश्न

त्या दिवसांत मला लहानपणी आजोबांकडून ऐकलेली सरमा आठवत राहिली. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या १०८ व्या सूक्तात ही देवांची कुत्री रसा नदी ओलांडून पणींच्या मुलखात जाते. त्यांनी लपवलेल्या गाई शोधायला इंद्रानं तिला पाठवलेलं असतं. एवढ्या लांब कशाला आलीस, असं पणी तिला हिणवतात, मग बहीण म्हणून आमच्यातच राहा, असं आमिष दाखवतात. ती बधत नाही. आपल्या परंपरेत हरवलेल्याचा शोध घेणारी कुत्री आहे, आणि परक्या दारात तिला मिळालेली वागणूकही नोंदलेली आहे.

महाभारतातही सरमा भेटते, अगदी सुरुवातीला, आदिपर्वात. जनमेजय आणि त्याचे भाऊ कुरुक्षेत्रावर सत्र करत असतात. तिथं सरमेचं पोर येतं. जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडं जातं. तू काहीतरी आगळीक केली असशील, असं आई म्हणते. मी हविर्द्रव्याला तोंड लावलं नाही, त्याकडं पाहिलंही नाही, असं ते सांगतं. सरमा यज्ञमंडपात जाऊन विचारते, याचा काही अपराध नसताना याला का मारलंत?

ते काहीच उत्तर देत नाहीत.

मग ती शाप देते की तुमच्यावर न दिसणारं भय येईल. जनमेजय हादरतो आणि त्या शापाच्या शांतीसाठी पुरोहित शोधत फिरतो. लहानपणी मला वाटायचं, शाप मारल्याबद्दल आहे. आता वाटतं, तो उत्तर न दिल्याबद्दलही आहे. विचारायला आलेली आई मंडपात उभी होती आणि कुणी तिला एक शब्द बोललं नाही. याच महाकाव्याच्या शेवटी धर्मराज आपल्यामागं आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात यायला नकार देतो. इतकी मोठी कथा एका कुत्र्याला नाकारण्यापासून निघते आणि एका कुत्र्याला न सोडण्यापाशी येते. नामदेव महाराजांची गोष्टही आपल्याला पाळण्यातच सांगितलेली असते. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागं ते तुपाची वाटी घेऊन धावले. ही शिकवण आपल्याला नवी नाही. गेटापाशी आलो की तिचा विसर पडतो, एवढंच.

राग खरा आहे

या रागाला कारणं आहेत आणि ती नाकारून मला पुढं जायचं नाही. रेबीज माणसाला होतो तो ९९ टक्क्यांपर्यंत कुत्र्यांमुळंच, आणि लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. चावल्यावर जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची, हे प्रत्येक घराला ठाऊक असलं पाहिजे. सुंठी हरवली त्याच्या दोनच महिने आधी, ११ ऑगस्ट २०२५ रोजी, दिल्ली आणि परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं दिला होता. २२ ऑगस्टला मोठ्या खंडपीठानं तो बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून, रेबीजची किंवा आक्रमक कुत्री वगळता, बाकीची मूळ जागी सोडा, असं सांगितलं. आदेश दिल्लीचा, पण भांडण आमच्या जिन्यांवर येऊन पोचलं होतं. एकाच मजल्यावरची दोन घरं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती.

तेव्हा काका मला जे बोलले, त्यामागं हे सगळं असू शकेल. त्यांच्या घरात काही घडलं असेल. मी विचारलं नाही, मला माहीत नाही. पण भाऊबीजेच्या दिवशी मला जी बाई भेटली, तिच्यामुळं एवढं कळलं की दुःख आणि उर्मटपणा यांचं नातं आपण समजतो तितकं पक्कं नाही.

वॉचमनच्या फोनवरून आम्ही आंबिल ओढ्याच्या काठाला गेलो होतो. कात्रजच्या तलावाकडून येणारा हा ओढा अरण्येश्वरच्या अंगानं मुठेकडं जातो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याला आलेल्या पुरानं काठच्या संरक्षक भिंती पाडल्या होत्या, घरं आणि माणसं नेली होती. माझा भाऊ ओवाळून घ्यायला आला होता. त्यानं ताट तसंच ठेवायला सांगितलं आणि टॉर्च घेऊन माझ्याबरोबर निघाला. काठच्या वस्तीत एक बाई दारात भांडी घासत होती. मी फोटो पुढं केला. तिनं हात पदराला पुसले आणि कागद नीट धरून पाहिला.

"मला कुत्र्यांची लई चीड आहे, खरं सांगते," ती म्हणाली. "माझ्या पोराला चावलं होतं. पाच सुया झाल्या. अजून रात्रीचा दचकतो. पण तुमचं हरवलंय, ते येगळं. हरवलेल्याला काय, शोधलंच पायजे."

तिनं मुलाला हाक मारली. दहा-अकरा वर्षांचा असेल. त्यानं फोटो पाहिला आणि म्हणाला, "हे सांजच्याला पुलाखाली पाणी प्यायला येतं."

ज्या बाईला चिडायचा पूर्ण हक्क होता, तिनं आधी हात पुसले.

विचारणाऱ्यांतही उतरंड

त्यानंतरच्या महिन्यांत लोकांनी मला त्यांना मिळालेली उत्तरं सांगितली. नाशिकच्या एका निवृत्त शिक्षिकेला कुणीतरी म्हणालं होतं, "स्वतःची पोरं परदेशात, म्हणून हे नाद." एका कॉलेजच्या मुलाला विचारलं गेलं, "आईबापासाठी एवढा फिरतोस का?" माणसं उपाशी असताना कुत्र्यासाठी कसली पोस्टरं लावता, हे तर जवळजवळ प्रत्येकानं ऐकलं होतं. मी या प्रश्नावर पुष्कळ विचार केला. विचारणाऱ्यांपैकी उपाशी माणसासाठी राबणारे मला भेटले नाहीत, आणि जे खरोखर राबतात त्यांनी हा प्रश्न मला विचारला नाही. काळजी ही घागरीतल्या पाण्यासारखी मोजून वाटायची वस्तू नाही. ज्याला एकाची काळजी घ्यायची सवय लागते, त्याला दुसऱ्याची घेणं सोपं जातं.

सगळ्यांत जास्त रुतली ती कचरा वेचणाऱ्या एका मावशींची गोष्ट. त्यांच्या ढकलगाडीबरोबर चालणारं काळं कुत्रं संक्रांतीच्या सुमारास हरवलं. त्यांच्याकडं फोटो नव्हता, झेरॉक्सला पैसे नव्हते. त्या एकेका गेटवर जाऊन विचारायला लागल्या. "प्रश्न पुरा व्हायच्या आत हाकलायचे," त्या म्हणाल्या. "वाटायचं, काहीतरी मागायला आलीये." मला निदान उत्तर तरी मिळालं होतं, वाईट का होईना. माझ्या साडीकडं, चष्म्याकडं बघून लोक क्षणभर थांबत होते. मावशींना तो क्षणही कुणी दिला नाही. त्यांचं कुत्रं सापडलं नाही. शोधायचा हक्कसुद्धा या शहरात सगळ्यांना सारखा नाही, हे मला त्यांच्यामुळं कळलं.

पुलाखाली

भाऊबीजेच्या संध्याकाळी सुंठी पुलाखाली आली नाही. शुक्रवारी पहाटे पाच वाजता आम्ही पुन्हा गेलो. तो मुलगा आमच्याआधी येऊन उभा होता. जवळ जायला तो भीत होता. लांबूनच त्यानं बोट दाखवलं. पडक्या भिंतीच्या सांदीत, झुडपामागं, दोन डोळे.

मला धावत जावंसं वाटलं. पण शिकवलेलं आठवलं. हाक मारायची नाही, डोळ्याला डोळा द्यायचा नाही, पाठमोरं होऊन खाली बसायचं. मी ओल्या दगडांवर बसले. तिची गोधडी शेजारी पसरली, वर उकडलेलं अंडं कुस्करून ठेवलं. भाऊ आणि तो मुलगा पुलावर श्वास रोखून उभे. किती वेळ गेला सांगता येणार नाही. उजाडत आलं. मग माझ्या पाठीला काहीतरी थंड लागलं. तिचं नाक होतं. तरीही मी हलले नाही. ती वळसा घालून पुढं आली, गोधडी हुंगली, आणि मांडीत डोकं खुपसून थरथरायला लागली. पुढच्या पायाच्या तळव्याला काच रुतली होती. तेव्हा मात्र मी मनसोक्त रडले.

वर पुलावरून त्या मुलानं विचारलं, "चावत न्हाई ना?" मी नाही म्हटलं. तो खाली आला नाही, पण हसला.

खांबावरचा कागद

सापडल्यावर पोस्टरं काढायची असतात. बरेच जण विसरतात. मग लोक महिनोन् महिने सापडलेल्या जनावराचा फोटो बघत राहतात, आणि पुढच्या खऱ्या हरवलेल्याकडं लक्ष देईनासे होतात. रविवारी सकाळी मी ओला फडका घेऊन एकेक खांब मोकळा करत निघाले. दूधवाला, पेपरवाली मुलं, झाडणाऱ्या ताई, सगळ्यांना सांगत गेले. वस्तीतल्या त्या घरी फराळाचा डबा दिला.

शेवटचा कागद त्या सोसायटीसमोरच्या खांबावरचा. वॉचमन केबिनमधून बघत होते. मी चिकटपट्टी खरवडत असताना गेट उघडलं आणि एक गाडी बाहेर आली. माझ्याजवळ येऊन थांबली. काच खाली झाली. तेच काका होते.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. समोर रस्त्याकडं बघत त्यांनी विचारलं, "सापडलं का?"

त्या चार दिवसांत मी मनात त्यांच्यासाठी कितीतरी वाक्यं रचून ठेवली होती. ती सगळी ओठांवर आली. गप्प राहून तसंच खरवडत राहावं, असंही वाटलं. पण त्यांनी विचारलं होतं. मागं केबिनच्या दारात वॉचमन उभे होते.

"हो काका," मी म्हटलं. "सापडली. ओढ्याच्या पुलाखाली होती. पायाला लागलंय, पण बरी आहे."

त्यांनी मान हलवली. काच वर गेली. मी खांबावरचा उरलेला कागद काढला, घडी केली आणि पिशवीत ठेवला.